लंडनांतील बिऱ्हाड

मराठी माणूस 'बिऱ्हाड' म्हणतो तेव्हां त्याला नुसतें छप्पर अभिप्रेत नसतें. जेथें आपली चूल पेटते, आपलें पाणी भरलें जातें, तें बिऱ्हाड. त्यामुळें लंडन शहरीं गेलेल्या पूर्वीच्या हिंदी प्रवाशाची खरी विवंचना जागेपेक्षां चुलीची असे. ही विवंचना ज्यांच्या बाबतींत कागदोपत्रीं नमूद झालेली आहे, अशा अगदीं पहिल्या मराठी मंडळींत राघोबादादांचा वकील हणमंतराव याची गणना करावी लागते.

राघोबादादांच्या कारस्थानांची हकीकत सर्वश्रुत आहे. १७७५ सालीं सुरतेस इंग्रजांशीं तह करूनहि त्यांच्या पदरीं पेशवाई पडली नाहीं. उलट १७७९ सालीं वडगांवास मराठ्यांनीं इंग्रज फौजेलाच शरण आणिलें. मुंबईकर इंग्रजांच्या हातून काम होत नाहीं, तेव्हां थेट विलायतेच्या राजाकडे व कंपनीच्या डायरेक्टरांकडे गाऱ्हाणें न्यावें, असा बेत करून दादांनीं हणमंतराव नांवाचा ब्राह्मण आणि मणियार नांवाचा पारशी गृहस्थ यांना रवाना केलें. पारशी गृहस्थाचा मुलगाहि सोबत होता. १७८१ सालीं ही मंडळी लंडनांत होती.

धन्याचें राजकारण बाजूलाच राहिलें आणि ब्राह्मणाच्या जेवणाचें संकट आधीं उभें राहिलें. परक्याच्या हातचें अन्न चालत नाहीं, पाणी चालत नाहीं, आणि सोंवळ्यानें स्वयंपाक करावा तर त्या शहरांत तशी जागा मिळत नाहीं! कंपनीच्या दरबारीं वकिलांची म्हणावी तशी विचारपूस झाली नाहीं. अशा वेळीं त्यांच्या साहाय्यास जो मनुष्य धांवून आला तो कंपनीचा कोणी अधिकारी नव्हता. तो होता पार्लमेंटचा सुप्रसिद्ध सभासद एडमंड बर्क.

लंडनपासून सुमारें २५ मैलांवर बीकन्सफील्ड येथें बर्कची वाडी होती. तेथें हे तिघे पाहुणे त्यानें नेले. नाजूक झाडें थंडीपासून जपण्यासाठीं वाडींत बांधलेलें एक काचेचें घर होतें; तें त्यानें त्यांच्या स्वाधीन केलें. तेथें त्यांनीं आपल्या हातानें शिजवावें, आपल्या रीतीनें जेवावें, आपला नित्यनेम करावा, कोणीं मध्यें येऊं नये, अशी व्यवस्था लागली. बर्क हा स्वतः जन्मभर कर्जांत बुडालेला. परंतु पाहुण्याला आपल्या पंक्तीस बसविण्याचा आग्रह न धरतां त्याला त्याची चूल मांडूं द्यावी, हें आतिथ्याचें मर्म त्याला उमगलें होतें. पुढें त्यानें राघोबादादांना पत्र लिहिलें. या ब्राह्मणास आरंभीं जे हाल सोसावे लागले त्यांचें कारण आमच्या लोकांचें अज्ञान होय, दुष्टावा नव्हे, असा त्यांत खुलासा होता.

वकिलीचें फळ मात्र शून्य. १७८२ च्या सालबाईच्या तहानें दादांचा डाव संपला आणि १७८३ सालीं ते निवर्तले. बर्कनें १७८८ पासून वॉरन हेस्टिंग्जवर जो प्रचंड खटला चालविला त्याचा संबंध हणमंतरावाच्या चुलीशीं जोडणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि त्या खटल्यांत हिंदु आचारविचारांविषयीं आदरानें बोलणाऱ्या त्या वक्त्यानें एक सोंवळा ब्राह्मण आपल्या वाडींत नांदतांना पाहिलेला होता, हें विसरतां येत नाहीं. दैवदुर्विलास असा कीं, इतकें जपूनहि समुद्रगमनाचा दोष चुकला नाहीं. परत आल्यावर दादांच्या वकिलांस सोन्याच्या प्रतिमेंतून पार होऊन पुनर्जन्माचा विधि करावा लागला, असें कंपनीच्या सेवेंतील विल्फर्ड या पंडितानें लिहून ठेविलें आहे. काचेच्या घरांत राखलेलें सोंवळें स्वदेशीं मान्य झालें नाहीं!

हणमंतरावानंतर साठेक वर्षांनीं दुसरा मराठी वकील तेथें गेला. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांना १८३९ सालीं पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते लंडनास पोंचले आणि सुमारें १४ वर्षें तेथेंच राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत त्यांनीं दाद मागितली. जोसेफ ह्यूमसारखे इंग्रजहि त्यांच्या बाजूनें झगडले. १८४७ सालीं महाराज काशींत वारले. पुढील वर्षीं साताऱ्याची गादीहि रिकामी झाली आणि कंपनीनें राज्य खालसा केलें. ज्याच्यासाठीं परमुलखांत बिऱ्हाड केलें तो धनी गेला, तें राज्य गेलें, तरी वकील तेथेंच! १८५३ च्या अखेरीस ते कर्जबाजारी होऊन परतले. १८५७ च्या उठावांत त्यांच्या मुलाला साताऱ्यास फांशी झाली, आणि स्वतः रंगो बापूजी जे नाहींसे झाले ते पुन्हां सरकारच्या हातीं लागले नाहींत.

त्याच १८५७ सालीं लंडनच्या गोदीजवळ लाइमहाउस भागांत आशियाई खलाशांसाठीं एक निवासगृह उघडलें. तोंपर्यंत जहाजावरून उतरविलेले लष्करी, म्हणजे हिंदी खलाशी, कडाक्याच्या थंडींत रस्त्यावर पडून असत व कित्येक तसेच मरत. वकिलाला निदान बर्क भेटला होता. यांना कोण भेटणार? १९३७ पर्यंत तें गृह चालू होतें.

विद्यार्थ्यांची पाळी पुढची. हिंदी मुलांस भाड्यानें जागा देण्यास घरवाल्या नाखुष असत. श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १ जुलै १९०५ रोजीं हायगेट येथें 'इंडिया हाउस' उघडलें. १९०६ पासून सावरकर तेथें राहूं लागले. बिऱ्हाडाचा अड्डा झाला, आणि १९०९ सालीं कर्झन वायलीच्या वधानंतर तें घर टिकलें नाहीं.

डॉ. आंबेडकर १९२० सालीं शिक्षण पुरें करण्यास लंडनास परतले. घरमालकिणीच्या तुटपुंज्या न्याहरीवर दिवसभर ग्रंथालयांत बसावयाचें आणि रात्रीं पोटांत आग पडली म्हणजे मुंबईकर स्नेह्यानें दिलेले चार पापड भाजून खावयाचे, असा त्यांचा क्रम चरित्रकारांनीं वर्णिला आहे. १९२१-२२ मध्यें किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरांत ते राहिले तें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेतलें. तेथें स्मारक करण्यास स्थानिक कौन्सिलनें नकार दिला, शेजाऱ्यांनीं गर्दीची तक्रार केली, रीतसर चौकशी झाली. आणि मार्च २०२० मध्यें ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यानें परवानगी दिली तेव्हां कोठें तें घर स्मारक म्हणून कायम झालें.