मृगसाल

मराठ्यांच्या राज्यकारभाराचे जुने दप्तर ज्याने डोळसपणे चाळले असेल, त्याच्या हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही की, त्यातील कागदांवर घातलेल्या मितीत दोन भिन्न कालगणना शेजारी शेजारी नांदत असतात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१, असा अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहिलेला सन हा सुहूर सन होय. त्यात ५९९ मिळविले की इ. स. १७६० चा मृग येतो, आणि त्या मृगापासून पुढील मृगापर्यंत जे वर्ष चालले त्यातच पानिपतचा संग्राम घडला. त्याच मितीतील महिना मात्र सफर, रजब किंवा जमादिलावल असा चांद्र असे. महिना चंद्राचा आणि साल सूर्याचे, अशी ही योजना वरकरणी विसंगत दिसली, तरी तिच्या मुळाशी रयतेच्या पिकाचा आणि सरकारच्या वसुलाचा अत्यंत व्यावहारिक विचार होता.

हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असल्याने सुमारे ३५४ दिवसांत पुरे होते, आणि ऋतुचक्राच्या मानाने ते दरसाल अकरा दिवसांनी मागे सरत जाते. धर्मकृत्यांना त्याची अडचण नाही. पण जमाबंदी, कबुलायत, हप्ते आणि वसूलबाकी ही ज्या धान्याच्या राशींवर अवलंबून, ते धान्य चंद्राच्या कलांनी पिकत नाही. केवळ चांद्र वर्षाने शेतसारा मागितला असता, तर सुमारे तेहतीस पिकांच्या काळात रयतेकडून चौतीस सालांचा ऐवज वसूल करावा लागला असता; ही गोष्ट रयतेच्या आवाक्यातली नव्हती आणि शहाण्या अंमलदारांच्या नजरेतून सुटण्यासारखीही नव्हती.

सुहूर आणि हिजरी या दोन्ही सनांचे आकडे ७४५ या वर्षी, म्हणजे इ. स. १३४४ मध्ये, जुळतात. त्यावरून महंमद तुघलकाच्या अमदानीत दक्षिणेत हा सन सुरू झाला असावा, असे अभ्यासक मानतात. आकडा हिजरीचा घेतला, पण वर्षारंभ सूर्याच्या मृगनक्षत्रातील प्रवेशावर ठेवला. म्हणूनच या सनाला मृगसाल हे नाव पडले. पुढे शहाजहानने इ. स. १६३६ च्या सुमारास दक्षिणेत फसली सन आणला, तेव्हाही हिजरीचा तत्कालीन आकडा १०४६ घेऊन तो सौर मानाने पुढे चालविण्यात आला. त्या वर्षी सुहूर सन १०३७ होता. मधल्या २९२ सौर वर्षांत चंद्राने ३०१ वर्षे मोजली होती, आणि हे नऊ वर्षांचे अंतर या दोन सनांमध्ये कायमचे राहिले. सूर्य आणि चंद्र यांच्या गतींतील भेदाचा असा लेखी पुरावा महसुली कागदांतून अनायासे जपला गेला. शिवछत्रपतींनी इ. स. १६७४ मध्ये राज्याभिषेक शक प्रवर्तित केला, राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही पेशवाईच्या अखेरपर्यंत दप्तरातील मृगसाल टिकून राहिले, कारण ते पेरणीच्या तोंडाशी सुरू होत होते.

पेरणी मृगावरच का, याचे उत्तर पृथ्वीच्या आसाच्या कलण्यात आहे. हा आस तिच्या भ्रमणकक्षेच्या लंबाशी सुमारे साडेतेवीस अंशांचा कोन करतो, आणि वर्षभर अवकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे कक्षेच्या एका भागात उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, तर सहा महिन्यांनी तोच पराङ्मुख होतो. सूर्य जवळ आल्याने उन्हाळा होतो हा समज खरा नव्हे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत निकट येते ती जानेवारीच्या आरंभी, आपल्याकडे थंडी असताना. ऋतू घडतात ते किरण किती लंबरूप पडतात आणि दिवस किती लांबतो यांमुळे. साडेअठरा अक्षांशांवरील पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या जवळपास असतो, तर सर्वांत लहान अकरा तासांचा. मेच्या मध्यास सूर्य पुण्याच्या माथ्यावरून उत्तरेस जातो, आणि जुलैअखेरपर्यंत तेथे मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. या काळात उपखंडाची भूमी समुद्रापेक्षा फार वेगाने तापते, तिच्यावरील हवेचा दाब घटतो, आणि नैर्ऋत्येकडून बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीवर येऊन थडकतात. सूर्याचा मृगप्रवेश सांप्रत ७ किंवा ८ जूनला, सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारे दोन आठवडे आधी होतो. म्हणून कुणब्याची तिफण आणि कुलकर्ण्याची वही यांचे वर्ष एकाच सुमारास सुरू होऊ शकले. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा असे पावसाचे टप्पे सूर्याच्या नक्षत्रांवरून मोजण्याचा शेतकऱ्यांचा परिपाठही याच ज्ञानावर उभा आहे.

तथापि या व्यवस्थेत एक सूक्ष्म दोष आहे. मृगप्रवेश हा ताऱ्यांच्या संदर्भाने ठरतो, ऋतू मात्र आसाच्या झुकावाने. आणि तो आस स्वतःच सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक मंद प्रदक्षिणा करीत असल्याने नाक्षत्र वर्ष ऋतुवर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठे भरते. सुमारे बहात्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. तुघलकाच्या काळापासून मृग ऋतुमानाने सुमारे दहा दिवस पुढे सरकला आहे, आणि आणखी हजारएक वर्षांनी तो वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाशी येऊन भिडेल. महाराष्ट्रातील ज्योतिर्विदांना हे पुरते ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात विसाजी रघुनाथ लेले आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन, म्हणजे ऋतूंना धरून चालणाऱ्या, पंचांगाचा पक्ष मोठ्या निष्ठेने मांडला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच तत्त्वावर सिद्ध केलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र शके १८७९ या मितीने, अंमलात आली. परंतु सरकारी कागदांवरील एका ओळीपलीकडे ती लोकव्यवहारात फारशी उतरली नाही.

मला यात खेद वाटतो. आकडा एका परंपरेचा, वर्षारंभ दुसरीचा, आणि दोहोंचा मेळ शेतातील पिकाशी घालण्याचे धैर्य ज्या कारभाऱ्यांनी दाखविले, त्यांना आसाच्या त्या मंद प्रदक्षिणेचे गणित ठाऊक असो वा नसो, कालगणना ही रयतेच्या जीवनासाठी असते हे पक्के उमगले होते. त्यांच्या सनाची आज आपल्याला गरज उरलेली नाही. ज्या न्यायाने त्यांनी तो स्वीकारला, त्याच न्यायाने ऋतूंशी इमान राखणारे वर्ष आपलेसे करणे, हे त्या जुन्या दप्तराचे खरे वारसदार म्हणून आपले कर्तव्य आहे.