उजेडाची चौकशी

१९ जुलै १९५२, शनिवारची रात्र. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर अकरा चाळीसच्या सुमारास रडारच्या पडद्यावर सात ठिपके उमटले. त्या भागात त्या वेळी एकही विमान अपेक्षित नव्हते. ठिपके कधी रेंगाळत, कधी एकदम सुसाट सुटत, आणि बघता बघता ते व्हाइट हाउस आणि संसदेच्या इमारतीवरच्या विमानबंदीच्या हद्दीत पोहोचले. अनेकांनी आकाशात उजेड पाहिल्याचे कळवले. शेजारच्या डेलावेअर राज्यातून लढाऊ विमाने धावून आली, पण वैमानिकांच्या हाती काहीच लागले नाही. पुढच्या शनिवारी, २६ तारखेला, तोच प्रकार पुन्हा घडला.

अशा उजेडांची चौकशी करण्यासाठी अमेरिकी हवाई दलाचे एक स्वतंत्र कार्यालय होते: ओहायो राज्यात डेटनजवळच्या राइट-पॅटरसन तळावरचे ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’. त्याचा प्रमुख कॅप्टन एडवर्ड रपेल्ट दुसऱ्याच कामासाठी राजधानीत उतरला, तेव्हा पहिल्या शनिवारची बातमी त्याला वृत्तपत्रातून कळली. साक्षीदारांना भेटण्यासाठी त्याने सरकारी गाडी मागितली. ती मिळाली नाही, आणि तो डेटनला परतला. २९ जुलैला हवाई दलाचे मेजर जनरल जॉन सॅम्फर्ड यांनी पेंटागॉनमध्ये पत्रकारांना बोलावून सांगितले की, हे बहुधा हवेच्या थरांमुळे घडले असावे. जमिनीलगत थंड आणि वर गरम हवा साचली की रडारच्या लहरी खाली वाकतात आणि जमिनीवरच्या वस्तूही आकाशात असल्यासारख्या पडद्यावर दिसतात. स्पष्टीकरण शास्त्राला धरून होते. मात्र ते जाहीर झाले तेव्हा चौकशी पूर्ण व्हायची होती. लोकांना शांत करण्याची निकड खरे काय ते शोधण्याच्या पुढे धावली, आणि सरकारी चौकश्यांच्या सगळ्या इतिहासात हे वारंवार घडलेले दिसते.

या चौकश्यांची सुरुवात पाच वर्षे आधीची. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने माउंट रेनियर शिखराजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्या, वृत्तपत्रांनी ‘उडत्या तबकड्या’ हे नाव रूढ केले आणि देशभरातून तक्रारींचा पाऊस पडला. शीतयुद्धाचा काळ होता. हे रशियाचे नवे विमान तर नाही ना, ही हवाई दलाची खरी चिंता होती. म्हणून जानेवारी १९४८ मध्ये ‘प्रोजेक्ट साइन’ सुरू झाला, १९४९ मध्ये त्याचा ‘ग्रज’ झाला आणि १९५२ मध्ये ‘ब्लू बुक’.

साइन सुरू झाला त्याच महिन्यात एक बळी गेला. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकीत आकाशात उंच चमकणाऱ्या एका वस्तूचा पाठलाग करताना कॅप्टन थॉमस मँटेल प्राणवायूच्या साधनाविना फार वर चढले आणि त्यांचे विमान कोसळले. तो शुक्र असावा, असे आधी सांगण्यात आले. दिवसाढवळ्या दिसलेल्या मोठ्या, चकाकत्या वस्तूला हे उत्तर लागू पडेना. नंतर सर्वाधिक पटलेले स्पष्टीकरण निराळेच होते: नौदलाने सोडलेला ‘स्कायहूक’ नावाचा अतिउंच जाणारा प्रचंड फुगा. त्या फुग्यांचा कार्यक्रम गुप्त होता. चौकशी करणाऱ्यांना आपल्याच देशाचा फुगा ठाऊक नव्हता, आणि एका माणसाच्या मृत्यूला चुकीचे कारण चिकटले.

ओहायो स्टेट विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक याच काळात सल्लागार म्हणून आले. आलेल्या वर्णनांतून तारे, ग्रह आणि उल्का वेगळ्या काढणे हे त्यांचे काम. ते संशयी वृत्तीने आले आणि वीस वर्षे राहिले. रपेल्टने कामाला शिस्त लावली, साक्षीदारांसाठी ठराविक प्रश्नावली केली, आणि ‘तबकडी’ हा शब्द बाजूला सारून ‘अनोळखी उडती वस्तू’ अशा अर्थाची यूएफओ ही संज्ञा रूढ केली. उत्तर आधीच गृहीत न धरता प्रश्न विचारण्याची ही पद्धत होती, आणि ब्लू बुकचे सर्वांत चांगले दिवस तेच.

ते टिकले नाहीत. वॉशिंग्टनच्या घटनेनंतर, जानेवारी १९५३ मध्ये, सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची समिती बसवली. पुढे नोबेल मिळवणारे लुईस अल्वारेझ तिचे सदस्य होते. समितीला या उजेडांत देशाला धोका दिसला नाही. भीती वाटली ती तक्रारींच्या गर्दीची: खऱ्या हल्ल्याच्या वेळी संदेशयंत्रणाच तुंबली तर? म्हणून लोकांच्या मनातले या विषयाचे गूढ उतरवावे, असा सल्ला तिने दिला. त्यानंतर ब्लू बुक तपासापेक्षा खुलासे देणारे खाते होत गेले.

१९५५ पासून तर परिस्थिती फारच विचित्र झाली. सीआयएच्या यू-२ या हेरविमानांच्या चाचण्या सुरू झाल्या. प्रवासी विमाने तेव्हा दहा ते वीस हजार फुटांवरून उडत, यू-२ साठ हजारांच्या वर. सूर्य मावळून खाली अंधार झाला तरी त्या उंचीवर ऊन असे, आणि चंदेरी पंख लाल-केशरी झळकत. त्याखालून जाणारे वैमानिक प्रामाणिकपणे कळवत की वर काहीतरी पेटलेले आहे. सीआयएच्याच नंतर खुल्या झालेल्या इतिहासानुसार, ब्लू बुकचे अधिकारी अशा तक्रारी यू-२ च्या उड्डाणनोंदींशी ताडून पाहत. उत्तर सापडे, पण साक्षीदाराला ते सांगता येत नसे. मग वातावरणातल्या एखाद्या घटनेचे नाव पुढे केले जाई. हा अन्याय होता. माणसाने जे पाहिले ते खरेच तिथे होते, आणि ज्यांना ते माहीत होते त्यांनीच त्याला ते वातावरणातले काहीतरी होते असे सांगितले.

मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये डेक्स्टर आणि हिल्सडेल इथे दलदलीवर उजेड दिसले. डेट्रॉइटच्या पत्रकार परिषदेत हायनेक यांनी दलदलीतून निघणाऱ्या वायूची शक्यता मांडली. आपल्याकडे आग्यावेताळाच्या गोष्टींमागेही असाच वायू असल्याचे सांगितले जाते, त्यामुळे शक्यता वेडगळ नव्हती. पण तोवर लोकांचा विश्वासच उडालेला होता. देशभर संताप उसळला, आणि मिशिगनचे लोकप्रतिनिधी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय सुनावणीची मागणी केली. अखेर कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन यांच्याकडे स्वतंत्र अभ्यास सोपवला गेला. आणखी तपासातून विज्ञानाच्या पदरी काही पडण्याची शक्यता दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी दिला आणि १७ डिसेंबर १९६९ रोजी ब्लू बुक बंद झाल्याचे जाहीर झाले. एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ उकलल्या नाहीत.

भारतातही असा एक तपास झाला, आणि त्याची हकीकत पुष्कळ आशादायक आहे.

२०१२ च्या ऑगस्टपासून लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरातल्या जवानांना चीनच्या बाजूने पिवळसर गोळे वर येताना दिसू लागले. ते तासन् तास हळूहळू आकाश चढत आणि मग दिसेनासे होत. १९६२ च्या युद्धाची आठवण असलेली, अजून न आखलेली सीमा ती. टेहळणीसाठी पाठवलेले मानवरहित विमान असेल, ही शंका घेणे पहाऱ्यावरच्या माणसाचे कर्तव्यच होते. रडार लावले, त्यावर काही उमटले नाही. फेब्रुवारी २०१३ पर्यंत सैन्याच्या वहीत ३२९ नोंदी झाल्या, आणि त्यांपैकी १५५ वेळा प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडली गेल्याचे लिहिले होते. तेव्हा भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेण्यात आली. लडाखमध्येच हानले इथे तिची वेधशाळा आहे.

संस्थेचे उत्तर होते: शुक्र आणि गुरू.

त्या वर्षीचे आकाश आठवले तर हे किती चपखल बसते ते कळते. ऑगस्टमध्ये शुक्र पहाटेच्या आकाशात सूर्यापासून सर्वांत दूर दिसत होता. तो सूर्याच्या तीनेक तास आधी पूर्वेला उगवे, चढत जाई आणि उजाडल्यावर विरून जाई. गुरू रोहिणीच्या जवळ होता. तो ऑगस्टमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास उगवे, पुढे रोज थोडा लवकर, आणि ३ डिसेंबरला तो सूर्याच्या बरोबर समोर आल्यामुळे दिवस मावळताच पूर्वेला हजर. पूर्वेला म्हणजे चीनच्या दिशेला. चौदा हजार फुटांवरच्या विरळ, कोरड्या हवेत हे ग्रह असे तेजाळतात की मैदानी मुलखातल्या माणसाने ते तसे कधी पाहिलेले नसतात. जवानांना हसण्यासारखे यात काही नाही. त्यांनी पाहिलेले प्रत्येक वेळी लिहून ठेवले, सैन्याने ते शास्त्रज्ञांपुढे ठेवले, आणि निष्कर्ष वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत आला. मँटेलच्या वेळी शुक्राचे नाव घाईने घेतले गेले. इथे आकाश तपासून ते घेतले गेले.

महाराष्ट्रावर अशी पाळी आली ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत आणि मध्य प्रदेशातही लोकांनी जळत्या ठिणग्यांची एक ओळ संथपणे आकाश कापत जाताना पाहिली. उल्का बहुधा क्षणात विझते, ही ओळ बराच वेळ दिसत राहिली. काही वेळाने चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले, पाठोपाठ परिसरात धातूचे गोळे मिळाले. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या आणि इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. अवकाशयानांच्या कक्षांचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्याच रात्री माग काढला: फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा तिसरा टप्पा वातावरणात परतत होता. अग्निबाणाच्या कक्षेची माहिती खुली होती आणि शेकडो लोकांनी मोबाइलवर केलेल्या चित्रीकरणात वेळ आणि दिशा होती. त्यामुळे ब्लू बुकला महिने लागत ते काम काही तासांत झाले.

आकाशात यापुढे गर्दी वाढतच जाणार. २०१९ पासून स्टारलिंकच्या उपग्रहांच्या माळा गावोगावी दिसू लागल्या आहेत. तेव्हा असा उजेड दिसला तर आधी घड्याळ पाहून वेळ लिहा. दिशा लिहा. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते, म्हणून क्षितिजापासून किती मुठी वर, तेही लिहा. जवळ ओळखीचे नक्षत्र असेल तर त्याचे नाव टाका, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा त्याच जागी पाहा. आणि शेतात काही पडलेले आढळले तर त्याला हात लावू नका, कारण अग्निबाणाच्या टाक्यांत विषारी इंधनाचे अंश उरलेले असू शकतात. मुलांना दूर ठेवा आणि पोलीस ठाण्याला किंवा तहसीलदारांना कळवा.