यंत्रमागाचा विमा आणि विमा दलाल (कामतघर, भिवंडी)

कामतघर हा भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीतील भाग. वऱ्हाळदेवी तलाव येथेच आहे. वस्तीत घरे आणि यंत्रमागाचे गाळे लागून असल्याने आगविम्याचा प्रश्न येथे मोठ्या कारखान्यांपुरता उरत नाही.

दलालाचे स्थान : एजंट विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, दलाल ग्राहकाचा. तो अनेक कंपन्यांकडून दर व अटी मागवतो. मोबदला मात्र त्यालाही कंपनीकडूनच कमिशनरूपाने मिळतो. भारतात 2002 च्या विनियमांनी हा व्यवसाय परवान्याखाली आला, पुढे 2013 व 2018 मध्ये नवे विनियम झाले. 2018 च्या विनियमांनुसार थेट दलालाला किमान 75 लाख रुपयांचे भांडवल आणि स्वतःच्या व्यावसायिक चुकांपोटी विमा आवश्यक आहे. आगविम्याचे ठरीव दरपत्रक 1 जानेवारी 2007 पासून उठले. दर तोलून पाहण्याला खरा अर्थ आला तो तेव्हापासून.

गाळ्यातील माल : सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा, आणि प्रस्ताव भरताना तोच बहुधा सुटतो. मजुरीवर चालणाऱ्या गाळ्यात माग एकाचे, इमारत दुसऱ्याची, तर सूत, बीम आणि विणून पडलेले तागे व्यापाऱ्याचे असू शकतात. जुन्या प्रमाणित आग पॉलिसीत दुसऱ्याचा, विश्वासाने ठेवलेला माल स्पष्ट नोंदवल्याशिवाय संरक्षित होत नसे. आग लागून तागे जळाले, तर भरपाई नाही आणि व्यापाऱ्याचे देणे मात्र कायम. चांगला दलाल म्हणून हप्त्याआधी चलने आणि साठ्याची वही मागतो, परक्या मालाचा स्वतंत्र उल्लेख करून घेतो आणि कर्ज असल्यास बँकेचे नावही नोंदवतो.

विमा रक्कम : साठा 40 लाखांचा, विमा 20 लाखांचा आणि नुकसान 10 लाखांचे असेल, तर सरासरीच्या अटीने 5 लाखच मिळतात. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा (5 कोटींपर्यंत) व भारत लघु उद्यम सुरक्षा (5 ते 50 कोटी) या पॉलिसींत 15 टक्क्यांपर्यंतच्या तुटीकडे दुर्लक्ष केले जाते. वरील उदाहरणातली तूट निम्मी आहे. तिला ही सवलत पुरत नाही.

वगळलेल्या जोखमी : दरपत्रकाच्या काळात पूर-वादळ आणि दंगल-संप ही कलमे वगळून हप्ता कमी करता येई. 1970 व 1984 च्या दंगली आणि 26 जुलै 2005 ची अतिवृष्टी अनुभवलेल्या भिवंडीत अशी बचत धोक्याचीच. केवळ हप्त्यांची तुलना दाखवणाऱ्या दलालाकडून वगळलेल्या कलमांची यादी लेखी घ्यावी. शॉर्टसर्किटने मागाची मोटर जळाली, तर त्या मोटरीचे नुकसान साधारणपणे आगविम्यात बसत नाही. तिच्यापासून पसरलेल्या आगीचे बसते. घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी लागते.

हप्ता : विमा अधिनियम, 1938 च्या कलम 64-व्हीबीनुसार हप्ता आधी पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. धनादेश विमा कंपनीच्या नावेच द्यावा.

कामगार : यंत्रमाग कामगारांसाठी केंद्र सरकारने आयुर्विमा महामंडळामार्फत 2003 मध्ये गटविमा योजना सुरू केली.

तक्रार : एकल मालकीच्या व सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येते, 2021 च्या दुरुस्तीने दलालही त्याच्या कक्षेत आले.