कुरुंदाचा वंशविस्तार

सुरी-कात्रीला धार लावून देणारा सिकलगार ज्या चाकावर पाते टेकवतो, त्या चाकाच्या घडणीत पूर्वी कुरुंदाची पूड आणि लाख यांचे मिश्रण असे. लोखंडाहून कठीण, पण दिसायला मळकट, असा हा दगड धारेपुरता उपयोगी म्हणून लोकांच्या व्यवहारात राहिला आणि त्याच्या घराण्याची चौकशी करण्याची गरज कोणाला भासली नाही. वस्तुतः त्याचे घराणे मोठे आहे. कुरुंद हा शब्द संस्कृत कुरुविंद आणि तमिळ कुरुंदम यांच्या गोत्रातला. इंग्रजीतला कोरंडम हा याच गोत्रातून विलायतेस गेलेला भाऊबंद. आणि रत्नपरीक्षेच्या आपल्या जुन्या ग्रंथांत कुरुविंद हे नाव धारेच्या दगडाशी नव्हे, तर माणकाशी जोडलेले आढळते. सिकलगाराच्या चाकातला दगड आणि राजाच्या मुकुटातले रत्न यांना एकाच नावाने ओळखणाऱ्या आपल्या जुन्या परंपरेची नजर किती नेमकी होती, हे कळायला पुढे रसायनशास्त्राचा उदय व्हावा लागला.

जुन्या म्हैसूर मुलखात हा दगड ठिकठिकाणी सापडतो आणि त्यातले लालसर, अपारदर्शक खडे रत्नांच्या बाजारात ‘म्हैसूर माणिक’ म्हणून आजही विकले जातात. श्रीरंगपट्टण पडण्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १७९८ साली, चार्ल्स ग्रेव्हिल याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातील या दगडाविषयी निबंध सादर केला. आणि १८०२ साली काउंट बूर्नों याने कुरुंद, माणिक व नीळ ही तिन्ही एकाच जातीची खनिजे असल्याचे प्रतिपादन केले. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाचा हा स्फटिक शुद्ध असेल तर रंगहीन असतो; त्यात क्रोमियमचा अत्यल्प अंश मिसळला की तो लाल होतो, आणि त्याची किंमत मणाच्या भावावरून रतीच्या भावावर येते. एका कणभर भेसळीने दगडाला कुलीनत्व यावे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढली सारी कथा त्या भेसळीवर उभी आहे.

लेसरच्या साहाय्याने पदार्थाचे पृथक्करण करण्याची जी विद्या आज विद्यापीठांतून अभ्यासली जाते, तिचे मातुल घराणे हे असे दगडाचे आहे. पितृकुळ मात्र प्रकाशाचे. मिठाची आमटी उतू जाऊन शेगडीवर सांडली की निळी ज्योत क्षणात पिवळीजर्द होते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. आणि लोलकातून पाहिले तर तो एकमेकींस खेटून असलेल्या दोन रेषांचा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, बनलेला दिसतो. हायडेलबर्ग येथे १८५९ व १८६० या वर्षांत बन्सेन आणि किरखोफ या दोघा अध्यापकांनी सिद्ध केले की प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा रेषा ठरलेल्या असतात, त्या दुसऱ्या कोणाच्या नावावर चढत नाहीत, आणि म्हणून ज्योतीत टाकलेला पदार्थ आपल्या घटकांची जबानी आपणच देतो. या रीतीने त्यांनी सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्येही शोधून काढली.

याच रेषांच्या ओघात येथे महाराष्ट्रातल्या एका लोकप्रिय समजुतीचा निकाल लावणे प्राप्त आहे. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर साहेबाचे म्हणून काही चौथरे दाखविले जातात आणि १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने तेथूनच हेलियमचा शोध लावला असे अभिमानाने सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ चे ते ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रातील गुंटूर येथून पाहिले. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता आणि सूर्याच्या कडेवरील हेलियमच्या पिवळ्या रेषेचे त्याचे निरीक्षण तेथले, ऑक्टोबर महिन्यातले आहे. तो विजयदुर्गास आला खरा, पण तब्बल तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. आणि तोवर रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाने पृथ्वीवर हेलियम मिळवूनही तीन वर्षे लोटली होती. विजयदुर्गाची ग्रहणमोहीम खरी आहे आणि तेवढीच सांगण्याजोगी आहे. वर नसते वतन जोडल्याने किल्ल्याची इज्जत वाढत नाही.

असे नसते वतन सांगण्याची गरज कुरुंदाच्या म्हैसूर मुलखाला तर मुळीच नाही, कारण त्याची अस्सल सनद दप्तरात आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाव काढलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे दिवाण असताना, नालवडी कृष्णराज वडेयर महाराजांच्या कारकिर्दीत, १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. एक संस्थान आपल्या खर्चाने विद्यापीठ काढते ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. विद्यापीठाचे विज्ञानशिक्षण प्रथम बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात चाले, आणि तेथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक बी. वेंकटेशाचार हे वर्णपटाचे गाढे अभ्यासक होते. १९३५ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी एल. सिबैया यांनी इरिडियम या जड धातूच्या प्रकाशरेषांची सूक्ष्म रचना तपासून, त्या धातूचे १९१ आणि १९३ वस्तुमानांकांचे दोन समस्थानिक असल्याचे दाखवून दिले. एकच रेषा म्हणून जी दिसते ती पुरेशा सूक्ष्मतेने पाहिली असता अनेक रेषांची जुडी निघते, आणि त्या जुडीतल्या अंतरांवरून अणूच्या गाभ्यांतले भेद कळतात. समस्थानिकांच्या शोधांच्या जागतिक इतिहासात इरिडियमच्या नावापुढे आजही याच दोन नावांची नोंद आहे. पण विजयदुर्गाच्या चौथऱ्यांची कथा ज्यांना तोंडपाठ आहे अशा कितीजणांनी वेंकटेशाचारांचे नाव ऐकले असेल?

वर्णपटाची दुसरी शाखाही याच मुलखाच्या आश्रयाला आली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांच्या हाती जो परिणाम लागला, त्याचे पहिले सविस्तर विवेचन रामन यांनी १६ मार्च रोजी बंगळूर येथील व्याख्यानात केले. आणि पुढे म्हैसूर सरकारने दिलेल्या जागेवर १९४८ साली त्यांची संशोधनसंस्था उभी राहिली. पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा फार थोडा अंश आपला रंग किंचित बदलून येतो आणि त्या बदलात रेणूची ओळख लपलेली असते, हा तो परिणाम. बन्सेनच्या रीतीत पदार्थ जळतो आणि त्यातली मूलद्रव्ये कळतात. रामनच्या रीतीत पदार्थ शाबूत राहतो आणि त्यातले रेणू कळतात. मात्र तो प्रकाश इतका क्षीण की पाऱ्याच्या दिव्याने एकेक छायाचित्र घ्यायला तासन्‌तास लागत. दोन्ही रीतींना उणीव होती ती एकाच गोष्टीची, एकरंगी आणि प्रखर किरणाची.

ती उणीव माणकाने भरून काढली. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे थिओडोर मायमन याने बोटाच्या पेराएवढ्या कृत्रिम माणकाभोवती झेनॉनचा मळसूत्री दिवा लावून त्यातून ६९४.३ नॅनोमीटरचा लाल किरण काढला. तो जगातला पहिला लेसर. त्या माणकातला क्रोमियमचा तो क्षुल्लक अंशच दिव्याचा प्रकाश गिळतो आणि एका सुरात परत करतो. बाकीचे माणिक, म्हणजे आपले कुरुंद, त्याला केवळ घर देते. लगेच, १९६२ साली, ब्रेक आणि क्रॉस यांनी माणकाच्या लेसरने पदार्थाची वाफ करून तिचा वर्णपट घेतला. त्याच वर्षी पोर्टो आणि वुड यांनी तोच किरण रामन परिणामासाठी वापरला. म्हैसूरला तर विद्यापीठाचे मानसगंगोत्री हे आवार लेसरच्याच वर्षी, १९६० साली, उभे राहिले होते आणि रामन यांचे भाचे एस. चंद्रशेखर १९६१ पासून तेथे पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून द्रवस्फटिकांचा अभ्यास करीत होते.

१९६२ हे वर्ष म्हैसूरकरांना आणखी एका कारणाने आठवते. महाराजांनी १९३७ साली काढलेल्या लाख आणि रंगाच्या कारखान्यातून त्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी न पुसणारी शाई पुरविण्यात आली, आणि तेव्हापासून देशभरच्या मतदारांच्या बोटावर म्हैसूरचा डाग उमटत आला. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा क्षार, असतो. लेसरने पृथक्करण करण्याची ही नवी विद्या कशी चालते ते पाहायचे तर याच शाईचे उदाहरण घ्यावे. कागदावर तिचा टिपका पाडून वाळू द्यावा आणि भिंगाने एकवटलेला लेसरचा स्पंद त्यावर सोडावा. तो स्पंद सेकंदाच्या काही अब्जांश काळापुरता. तेवढ्यात चट्‌ असा आवाज होतो, सुईच्या टोकाएवढा भाग उडतो आणि त्याची दहा हजार अंशांहून तप्त अशी ठिणगी, जिला शास्त्रज्ञ आयनद्रायू किंवा प्लाझ्मा म्हणतात, क्षणमात्र चमकते. पहिला झगझगाट सर्व रंगांचा असतो आणि त्यात काही वाचता येत नाही; म्हणून यंत्र सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढे थांबते आणि झगझगाट ओसरला की मगच डोळा उघडते. मग ३२८.१ आणि ३३८.३ नॅनोमीटरवर चांदीच्या दोन रेषा उभ्या राहतात, आणि कागदात चुनखडी असली तर ३९३.४ व ३९६.८ वर कॅल्शियमच्याही. याच कॅल्शियमच्या रेषा सूर्याच्या वर्णपटात काळ्या होऊन बसलेल्या आहेत. नमुना दळावा लागत नाही, आम्लात विरघळवावा लागत नाही, आणि दूर उभे राहूनही काम होते.

पण येथेच संशोधकाची खरी मेहनत सुरू होते. चांदी आहे हे कळणे सोपे. किती आहे हे कळणे अवघड. तेवढीच चांदी कागदावर, काचेवर आणि मातीत असेल, तर ठिणगी प्रत्येक ठिकाणी वेगळी पेटते आणि रेषेचे तेज वेगळे भरते. सोनार कसोटीवर सोन्याची रेघ ओढतो तेव्हा शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढून दोन्ही ताडून पाहतो. तद्वत या विद्येतल्या अभ्यासकाला ठाऊक प्रमाणाचे नमुने, त्याच जातीच्या आधारद्रव्यातले, शेकडो वेळा पेटवून आपला कस आधी बसवावा लागतो. एका प्रबंधाचा बहुतेक काळ या ताडून पाहण्यात जातो, आणि त्याचे वर्णन प्रसिद्धीच्या बातमीत कधीच येत नाही. माणकाची जागाही आता बहुतेक प्रयोगशाळांत निओडिमियम घातलेल्या याग नावाच्या स्फटिकाने घेतली आहे. त्यातही ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन असल्यामुळे तो माणकाचा लांबचा का होईना, भाऊबंद ठरतो.

दगड आमचा होता, शब्दही आमचा होता, म्हणून लेसर आमचा, असे म्हणण्याचा मोह या कथेत पावलोपावली होतो. तो आवरला पाहिजे. कुरुंद शतकानुशतके सुऱ्यांना धार देत राहिला. त्याच्या लालीचे कारण विचारून ते मोजणारा भेटला तेव्हाच त्यातून किरण निघाला. कुळाचा अभिमान धरायचाच तर तो खाणीचा न धरता मोजणाऱ्याचा धरावा. इरिडियमच्या रेषा मोजणाऱ्या त्या दोन अध्यापकांनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ रोजी, चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्यातील प्रज्ञान गाडीवर लेसरच्या ठिणगीने माती तपासणारे जे उपकरण होते ते जुन्या म्हैसूर मुलखातल्या बंगळूरच्या पीण्या भागातील प्रयोगशाळेत तयार झालेले होते, आणि त्या महिन्याच्या २९ तारखेला त्याने तेथल्या मातीत गंधक असल्याचे निःसंशय कळविले.