ओवीचा नैवेद्य

कलेच्या द्वारा ईश्वराची उपासना करण्याची रीत ख्रिस्ती धर्मात फार जुनी आहे. कोणी देवालयाच्या भिंतींवर चित्रे रेखाटली, कोणी रंगीत काचांच्या खिडक्या घडविल्या, कोणी प्रार्थनेला स्वरांची जोड दिली. गोमंतकातील साष्टी प्रांतात, सतराव्या शतकाच्या आरंभी, ही उपासना मराठी ओवीच्या रूपाने प्रकट झाली. १६१६ साली राशोल येथे छापले गेलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे त्या उपासनेचे फळ होय.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. इंग्लंडात त्या काळी कॅथलिक पंथीयांना दिवस बिकट होते. स्टीफन्स रोमला गेले, येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात जहाजाने गोव्यास पोहोचले. पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, ते याच भूमीत राहिले. येथील भाषांनी त्यांना आरंभीच मोह घातला. १५८३ साली भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले आहे. भाषांच्या तौलनिक अभ्यासाला युरोपात प्रतिष्ठा लाभण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

परंतु ज्या साष्टीत ते वावरले, ती शांत भूमी नव्हती. १५६७ च्या सुमारास तेथील देवळे पाडण्यात आली होती. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांचा क्षोभ उसळला आणि येशूसंघाचे पाच जण मारले गेले. अकबराच्या दरबारी राहून आलेले रुडॉल्फ अक्वाविवा हे त्यांपैकी एक. पुढे पोर्तुगीज सत्तेने गावाच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार केले. पाडलेली देवळे आणि दोन्ही बाजूंनी सांडलेले रक्त यांची स्मृती ताजी असतानाच ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्या रचल्या गेल्या, हे विसरून चालणार नाही.

या काव्याच्या जन्माची कथा काव्यातच आली आहे. धर्मांतरित लोकांना त्यांची पूर्वीची पुराणे वाचण्यास मनाई झाली होती. तेव्हा एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंपुढे आपले म्हणणे मांडतो. आमची पुराणे तुम्ही काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही, असा त्याचा आशय आहे. ही मागणी नम्र आहे, पण तिच्यात वेदना आहे. ज्या माणसाच्या घरी पिढ्यान् पिढ्या पोथी लागत आली, त्याला केवळ प्रश्नोत्तरे पाठ करून भक्तीचे समाधान कसे मिळावे? ज्यांनी ही पोकळी निर्माण केली, त्यांच्यातीलच एकाने ती ओळखली आणि भरून काढण्याचा यत्न केला. स्टीफन्स यांची थोरवी आणि त्यांच्या कार्यातील विसंगती, दोन्ही येथे एकत्र नांदतात.

त्यांनी केलेली निवड मार्मिक होती. साष्टीतील लोकांची बोली कोकणी. परंतु पुराण आणि कीर्तन यांची भाषा मराठी. म्हणून त्यांनी कोकणी शब्दांची मिसळ असलेली मराठी स्वीकारली. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा व दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र अशी सुमारे अकरा हजार ओव्यांची रचना त्यांनी केली. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. मात्र बाप्तिस्म्यासारख्या विधींसाठी पोर्तुगीज शब्द तसेच ठेवले. आपले कोणते व परके कोणते, याचा विवेक त्यांनी शब्दाशब्दाला केलेला दिसतो.

ओवीची निवड तर त्याहूनही महत्त्वाची. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. ती एकाने वाचावी आणि दहांनी ऐकावी, अशीच तिची प्रकृती आहे. रविवारी आणि सणाच्या दिवशी हे पुराण देवालयात जमलेल्या लोकांना वाचून दाखविले जाई. अशा वेळी काव्य हे उपासनेचे साधन न राहता स्वतःच उपासना बनते. कवीने रचताना केलेली पूजा श्रोत्याच्या श्रवणात पुरी होते.

एक उणीव मात्र स्टीफन्स यांना सलत राहिली. १६०८ साली रोममधील वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी देशी लिपीत मुद्रण व्हावे अशी इच्छा व्यक्त केली होती. ती फळाला आली नाही आणि मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. १६४९ व १६५४ साली त्यांच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पण या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. ज्या सत्तेने पूर्वीची पुराणे बंद केली होती, तिच्याच धोरणाने आता या पुराणाच्याही भाषेवर घाला आला.

तरीही ग्रंथ तगला, तो भक्तांच्या हातांमुळे. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या गेल्या. अशा प्रतींच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. १९२५ च्या सुमारास जस्टिन अॅबट यांनी लंडनमधील एका देवनागरी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यातील पाठ मूळचा की नंतरचा, याविषयी मतभेद आहेत. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी हे पुराण देवनागरीत छापून मराठी वाचकांच्या हाती दिले.

नकलून काढणाऱ्या त्या माणसांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. छापखाना नाही, राजाश्रय नाही आणि भाषाही राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत खुपणारी. अशा स्थितीत हजारो ओव्या हाताने उतरून काढणे हे श्रद्धेवाचून घडणारे काम नव्हे. स्टीफन्स यांनी मांडलेली पूजा त्या अनाम लेखकांनी तेवती ठेवली. मराठी भाषेवर त्यांचे ऋण स्टीफन्स यांच्या ऋणाइतकेच मोठे आहे.