सीमेवरचे वाक्य

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. मौज अशी की, त्याच १९५६ साली कॅलिफोर्नियातील भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. भारतीय भाषांची कुळे निराळी असली तरी शतकानुशतकांच्या शेजारामुळे त्यांच्या रचनेला एकच वळण लागले आहे, असे त्यांनी त्यात साधार मांडले. इकडे राज्यकर्ते भाषेच्या नावाने रेघ ओढत होते. भाषा मात्र त्या रेघेला जुमानत नव्हत्या.

बीदर-कलबुर्गीच्या बाजारात हे सहज ऐकू येते. आमचा मराठी माणूस सांगतो, ‘येतो म्हणून सांगितलं.’ कन्नड माणूस म्हणतो, ‘बरतीनि अंत हेळिद.’ तेलुगूत होते, ‘वस्तानु अनि चेप्पाडु.’ दखनी बोलणारा म्हणतो, ‘आता हूँ बोलके बोला.’ शब्द चार भाषांचे, पण साचा एकच : आधी बोललेले वाक्य, मग ‘म्हणून’, आणि शेवटी क्रियापद.

काही वर्षांपूर्वी शाळा तपासणीस आलेल्या एका अधिकाऱ्यांनी मुलांच्या वह्यांतील अशा वाक्यांखाली लाल रेघ मारली आणि ‘कानडी वळण, अशुद्ध’ असा शेरा दिला. शुद्ध रूप म्हणून त्यांनी लिहिले, ‘तो म्हणाला की, मी येतो.’ मी व्याकरण शिकवण्यात उमेद घालवलेला माणूस. शुद्धलेखनाचा मला आदर आहे. परंतु हा ‘की’ फारसीतून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उलट ‘म्हणून’ची ही रचना ‘इति’च्या रूपाने संस्कृतातही आहे : ‘आगच्छामि इति अवदत्’. म्हणजे परक्या घरचे वाक्य शुद्ध ठरले, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात नांदलेले अशुद्ध!

शेजारामुळे मराठी आपले सत्त्व हरवून बसली, असे मात्र कोणी समजू नये. याचा पुरावा कर्नाटकातच, श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायांशी कोरलेला आहे. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची. तेथे मराठीत ‘चावुंडराजें करवियलें’ असे आहे, आणि तोच आशय कन्नडात ‘चावुंडराजं माडिसिदं’ असा. वाचकांनी या दोन वाक्यांकडे जरा निरखून पाहावे. कन्नड क्रियापद कर्त्यामागून चालते. राजाच्या जागी राणी असती, तर ते ‘माडिसिदळ्’ झाले असते. मराठीत कर्ता तृतीयेत गेला आहे आणि क्रियापद नपुंसकलिंगी झाले आहे; राणीने करविले असते तरी ते ‘करवियलें’च राहिले असते. एकाच दगडावर, एकाच पुण्यकर्माविषयी, दोन भाषा आपापल्या व्याकरणाने बोलत आहेत.

पुढे बहमनी राजवटीत कलबुर्गी आणि नंतर बीदर या राजधान्यांतून दखनी वाढली. दिल्लीकडे ‘मैंने रोटी खाई’ म्हणतात, तर दखनीत ‘मैं रोटी खाया’. येथे क्रियापद कर्त्याकडे वळले. हा द्रविड शेजाराचा परिणाम मानला जातो. आमच्याकडून दखनीने ‘नको’ घेतला आणि त्याचा ‘नक्को’ केला. मराठी मात्र ‘मी भाकरी खाल्ली’ असेच म्हणत राहिली. कोणी काय घ्यावे आणि काय राखावे, हे कोणत्याही दरबारच्या फर्मानाने ठरले नाही. ते ठरले बांधावर, आठवडी बाजारात.

सांगली जिल्ह्यातील कुपवाडचा अभ्यास गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्ये एकमेकांशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतात, असे त्यांना आढळले. दूरच्या आयर्लंडमध्ये काय झाले पाहा. आयरिश भाषेत क्रियापद वाक्याच्या आरंभी येते. तिची जागा बहुतेक ठिकाणी इंग्रजीने घेतली. पण आयरिश माणूस इंग्रजीतही ‘आत्ताच जेवलो’ हे ‘मी जेवणानंतर आहे’ अशा आपल्या जुन्या घडणीने सांगतो. शब्द गेले तरी घडण मागे राहिली.

आमच्या मुलांच्या वाक्यांत जी घडण आहे, तिच्यात या भूमीचा हजार वर्षांचा सहवास साठलेला आहे. परीक्षेत प्रमाण मराठी यायलाच हवी, ती आम्ही शिकवतोच. पण आजीकडून शिकलेले वाक्य चुकीचे आहे असे वारंवार ऐकलेले मूल वर्गात गप्प बसू लागते, आणि गप्प बसलेल्या मुलाची मराठी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही. सीमाभागात भाषा टिकते ती बोलणाऱ्यांच्या तोंडी. म्हणून आम्हां शिक्षकांना माझी विनंती एवढीच : प्रमाण रूप अवश्य शेजारी लिहावे, मुलाच्या वाक्यावर काट मात्र मारू नये.