थांबलेल्या मोटरचा इतिहास

१/ लहान ब्रशवाल्या डीसी सर्वो मोटरसाठी ड्रायव्हर बोर्ड निवडताना आपण फिरत्या मोटरचा विद्युतप्रवाह पाहतो. इतिहास मात्र थांबलेल्या मोटरकडे बोट दाखवतो.

२/ फिरती मोटर स्वतःच विरोधी विद्युतदाब निर्माण करते. थांबलेली करीत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात आरंभीचा प्रचंड प्रवाह आवरण्यासाठी मोटरला रोध जोडत. त्यात ऊर्जा नुसती तापून वाया जाई.

३/ १८९१ मध्ये अमेरिकन अभियंते हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी तोड काढली: मोटरला स्वतंत्र जनित्र द्यायचे आणि त्याचा दाब शून्यापासून चढवायचा. दाब उलटवला की मोटर उलटी फिरे.

४/ ते अवजड काम आज बोटाएवढा एच-ब्रिज करतो, नियम तोच. १२ व्होल्ट, रोध २ ओहम: थांबलेल्या मोटरमधून ६ अँपिअर, पूर्ण वेगात अकस्मात उलटवल्यास जवळजवळ दुप्पट. बोर्ड निवडावा तो या आकड्यांवरून.